आर्क्टिकमधली युद्धकाळातली हेरकथा पहिल्यांदाच लिहिताय? मग सुरुवात हवामानापासून करा

हेरकथा लिहायला बसलेली नवी मंडळी मला सारखं विचारतात की दुसरं महायुद्ध आहे, बर्फ आहे, जर्मन आहेत, पाणबुडी आहे, मग तीस-चाळीस पानांनंतर गोष्ट का अडते. आत्तापर्यंत जेवढे कच्चे खर्डे वाचलेत त्यात कारण जवळपास एकच निघालं. गोष्ट असते लिस्बनची नाहीतर बर्लिनची, तीच हॉटेलं, तीच चोरलेली फाईल, तीच गूढ बाई, आणि त्यावर नुसता बर्फ पसरलेला असतो. आर्क्टिकमध्ये ह्यातलं काहीच नव्हतं. तिथे हॉटेल नाही, रस्ता नाही, गर्दी नाही आणि चोरायला फाईलही नाही. तिथली हेरगिरी वेगळ्याच गोष्टीवर चालली होती, ती गोष्ट एकदा डोक्यात बसली की प्लॉट सुटायला लागतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय. घाई असेल तर रेडिओचा भाग आधी वाचा, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

पायरी १: चोरी कशाची आहे ते ठरवा

चोरी हवामानाची. खरंच तेवढंच.

युरोपात हवा साधारण पश्चिमेकडून आणि वायव्येकडून येते. ग्रीनलंड, आइसलंड आणि नॉर्वेच्या उत्तरेची स्वालबार्ड बेटं ह्या पट्ट्यात आज हवेचा दाब किती, वारा कुठून, ढग किती खाली, हे कळलं की पुढच्या दोन-तीन दिवसांत उत्तर समुद्रावर आणि पश्चिम युरोपवर काय होणार ह्याचा अंदाज बांधता येतो. शांततेच्या काळात हे आकडे रेडिओवर उघड सांगितले जायचे, कुणीही ऐकावेत. १९३९ ला युद्ध पेटलं आणि हेच आकडे लष्करी गुपित झाले. पश्चिमेकडचा बहुतेक सगळा पट्टा दोस्तांच्या हातात, म्हणजे परवाचा पाऊस त्यांना आज दिसणार आणि जर्मनांच्या डोळ्यांवर पट्टी. नॉर्मंडीचं आक्रमण जून १९४४ मध्ये ५ तारखेवरून ६ वर गेलं ते हवामानामुळेच, आणि त्याच वर्षी डिसेंबरात जर्मनांनी बेल्जियमकडच्या आर्डेन्सच्या जंगलातला हल्ला मुद्दाम खराब हवा बघून केला, कारण आभाळ मोकळं असतं तर दोस्तांच्या विमानांनी त्यांना रस्त्यातच झोडपलं असतं. म्हणजे चार आकड्यांच्या एका ओळीवर हजारो माणसांचं मरण-जगणं. तुमच्या थ्रिलरला ह्यापेक्षा मोठं गुपित लागणार नाही.

ह्याच्यावर दुसरा एक थर आहे, तो मला जास्त आवडतो. हवामानाचे रिपोर्ट पाठवणाऱ्या जर्मन बोटी आइसलंडच्या वर, यान मायेन बेटाच्या आसपास महिनोन् महिने एकट्या फिरत असायच्या. साध्या मासेमारी बोटी, पण आत एनिग्मा, म्हणजे संदेश सांकेतिक करणारं जर्मन मशीन. ब्लेचली पार्क ह्या ब्रिटिशांच्या संकेत फोडायच्या केंद्रात बसलेल्या हॅरी हिन्सली नावाच्या २२ वर्षांच्या पोराच्या लक्षात आलं की ह्या बोटी इतके दिवस बाहेर असतात म्हणजे त्यांच्याकडे पुढच्या महिन्याच्या चाव्यांचे, म्हणजे मशीन रोज कसं लावायचं त्याचे, तक्ते असणारच, हल्ला झाला की खलाशी मशीन समुद्रात फेकतील पण तिजोरीतले पुढच्या महिन्याचे कागद घाईत विसरतील. आणि तसंच झालं. ७ मे १९४१ ला म्युन्शेन आणि २८ जूनला लाउएनबुर्ग ह्या बोटी ब्रिटिशांनी धरल्या आणि जून-जुलैच्या चाव्या हातात आल्या. आता ह्यातला ताण बघा: बोट धरल्याचा नुसता संशय जरी जर्मनांना आला तरी ते चाव्या बदलणार, म्हणजे जिंकल्याचं कुणाला सांगायचं नाही, आणि हाव धरून तिसरी-चौथी बोटही धरायची नाही. नुसत्या ह्या एका गोष्टीवर कादंबरी उभी राहते.

पायरी २: जागा एकच घ्या, वर्षही एकच

नवीन लिहिणारे ग्रीनलंडपासून रशियातल्या मुर्मान्स्क बंदरापर्यंत सगळीकडे फिरवून आणतात आणि वाचकाला कुठेच थंडी वाजत नाही. एक फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत आत घुसलेली समुद्राची खाडी घ्या, एक हिवाळा घ्या. मला चार जागा सुचवाव्याशा वाटतात.

स्वालबार्ड. इथे नॉर्वेच्या आणि रशियाच्या कोळशाच्या खाणी होत्या. ऑगस्ट-सप्टेंबर १९४१ मध्ये ऑपरेशन गॉन्टलेटमध्ये कॅनेडियन, ब्रिटिश आणि नॉर्वेजियन सैन्य उतरलं, खाणकामगारांना हलवलं, सुमारे साडेचार लाख टन कोळसा पेटवून दिला, आणि हे सगळं चालू असताना तिथलं रेडिओ केंद्र नेहमीसारखे हवामानाचे रिपोर्ट पाठवत राहिलं, फक्त धुकं नसताना धुकं आहे असं सांगत, म्हणजे जर्मन विमानं टेहळणीला येऊ नयेत. खोटं धुकं! मग मे १९४२ मध्ये ऑपरेशन फ्रिथॅम, इस्ब्योर्न आणि सेलिस ह्या दोन बोटींतून नॉर्वेजियन मंडळी परत आली आणि ग्रोनफ्योर्डच्या बर्फात अडकलेली असताना जर्मन विमानांनी दोन्ही बोटी संपवल्या. वाचलेले लोक ओल्या कपड्यांनी बारेन्ट्सबुर्गच्या रिकाम्या रशियन घरांत शिरले. आदल्या वर्षी गाव सोडून जाताना मारलेली डुकरं तिथे थंडीने जशीच्या तशी राहिली होती, त्यावर त्यांनी दिवस काढले. असला तपशील आपल्याला घरबसल्या सुचत नाही, म्हणून मी म्हणते की आधी वाचा, मग रचा.

ह्या जागेचा आपल्याशीही एक धागा आहे. भारताचं हिमाद्री हे संशोधन केंद्र २००८ पासून स्वालबार्डच्या न्यू-ऑलेसुंदमध्ये आहे, आणि त्याचा कारभार बघणारी राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था गोव्यात वास्कोला आहे. न्यू-ऑलेसुंद ज्या खाडीवर आहे तिच्या शेजारच्याच क्रॉसफ्योर्डमध्ये, सिग्नेहामना नावाच्या कोपऱ्यात, १९४१-४२ च्या हिवाळ्यात जर्मनांचं क्नोस्पे हे छुपं हवामान केंद्र होतं. तिथे राहून आलेले शास्त्रज्ञ गोव्यात, पुण्यात भेटू शकतात. त्यांना फिल्मी प्रश्न विचारू नका. बोटांचं काय होतं, चष्म्याचं काय होतं, शांततेत काय ऐकू येतं हे विचारा.

दुसरी जागा ईशान्य ग्रीनलंड, कुत्र्यांच्या स्लेजवरून फिरणारी जेमतेम पंधरा माणसांची गस्त आणि त्यांच्यासमोर जर्मन केंद्र. हिच्याबद्दल पुढे माणसांच्या भागात लिहिलंय. तिसरी फिनमार्क, म्हणजे नॉर्वेचं अगदी वरचं टोक, व्हार्डो, किबर्ग, किर्कनेस, आल्टा. इथे गावं आहेत, बायका-मुलं आहेत, चर्च आहे, शत्रू दारात उभा आहे. पहिलीच कादंबरी असेल तर ही जागा घ्या, कारण इथे माणसामाणसांतले संबंध लिहिता येतात. चौथी लॅब्राडॉर, ही कादंबरीपेक्षा लघुकथेला बरी. २२ ऑक्टोबर १९४३ ला यू-५३७ ह्या जर्मन पाणबुडीने आज कॅनडात असलेल्या ह्या किनाऱ्यावर आपोआप चालणारं हवामान यंत्र उभं केलं, डब्यांवर कॅनडाच्या एका हवामान खात्याचं नाव रंगवलं जे खातं मुळात नव्हतंच, आणि आजूबाजूला अमेरिकन सिगारेटची रिकामी पाकिटं टाकून निघून गेले. ते यंत्र काय आहे हे कळायला १९८१ उजाडलं.

पायरी ३: सूर्य-चंद्राचा तक्ता भिंतीवर लावा

हे टाळलं की सगळं फसतं. माझी पहिली आर्क्टिक कथा एका दिवाळी अंकाकडून परत आली तेव्हा संपादकांनी समासात एकच वाक्य लिहिलं होतं, "डिसेंबरात लाँगियरब्येनला पहाट कशी झाली?" लाँगियरब्येन हे स्वालबार्डचं मुख्य गाव, आणि त्यांचं बरोबर होतं. तिथे ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य जातो तो थेट फेब्रुवारीच्या मध्याला क्षितिजावर येतो, आणि साधारण एप्रिलच्या विशीपासून ऑगस्टच्या विशीपर्यंत मावळतच नाही. म्हणजे "रात्रीच्या अंधारात तो सरपटत निघाला" हे वाक्य जूनमध्ये लिहिताच येत नाही. उन्हाळ्यात तुमच्या हेराला लपायला अंधार नाही, हिवाळ्यात त्याला बघायला उजेड नाही.

आणि चंद्र. हे फार कमी लोकांना माहीत असतं. ध्रुवीय रात्रीत पौर्णिमेच्या आसपास काही दिवस चंद्रही मावळत नाही, डोक्यावर गोल गोल फिरत राहतो, आणि बर्फामुळे इतका उजेड पडतो की लांबवरचा माणूस ठिपक्यासारखा दिसतो. अमावस्येच्या बाजूला तो उगवतच नाही. मग तुमचा प्लॉट पंचांगावर चालायला लागतो! १९४२-४३ च्या हिवाळ्यातल्या पौर्णिमा-अमावस्या काढा, नेटवर मिळतात, आणि छापा कधी, पळ काढायचा कधी, सामान हलवायचं कधी हे त्यावरून ठरवा. तिथल्या लोकांनाही तसंच ठरवावं लागत होतं.

तिसरा तक्ता बर्फाचा. ग्रीनलंडच्या त्या किनाऱ्याला बोट लागू शकते ती उन्हाळ्याच्या शेवटी जेमतेम काही आठवडे. बोट गेली की वर्षभर सुटका नाही. त्यामुळे "हेडक्वार्टरने ताबडतोब माणूस पाठवला" असली वाक्यं काढून टाका. कुणी येत नाही, हे तिथलं मूळ सत्य आहे आणि भीतीही तिथूनच येते.

पायरी ४: माणसं

आपण बहिर्जी नाईकांच्या गोष्टी ऐकत मोठे झालो, वेश बदलायचा, बाजारात मिसळायचं, फकीर व्हायचं, वासुदेव व्हायचं. आर्क्टिकमध्ये ह्यातलं काही चालत नाही कारण मिसळायला बाजारच नाही. शेकडो किलोमीटरमध्ये वीस माणसं, सगळी एकमेकांना चालीवरून ओळखणारी, कुणाचे कुत्रे कसे भुंकतात हेसुद्धा माहीत असलेली. तिथे अनोळखी माणूस म्हणजे दुसरं काही असूच शकत नाही, शत्रूच. आणि बर्फावर पाऊल उमटतं. स्थानिक लोकांच्या कातडी कामिक बुटांना टाच नसते, सैनिकी बुटाला असते, म्हणजे बर्फात टाचेची एक खूण दिसली की सगळं कळलं. तुमच्या कथेतला पहिला धक्का असाच छोटा ठेवा. प्रेत नको, स्फोट नको. टाचेचा ठसा पुरे.

आता ग्रीनलंडची हकिगत, कारण माणसं कशी लिहायची हे मला त्यातूनच कळलं. डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर ग्रीनलंडच्या एस्के ब्रून ह्या गव्हर्नरने १९४१ मध्ये शिकाऱ्यांची स्लेज गस्त उभी केली, डॅनिश, नॉर्वेजियन आणि ग्रीनलंडचे मूळ रहिवासी इनुइट. मार्च १९४३ मध्ये गस्तीतल्या मारियुस येन्सन आणि दोन इनुइट साथीदारांना साबिने बेटाजवळ पावलांचे माग दिसले, झोपडीत जर्मन गणवेश सापडला. तिथे लेफ्टनंट हेर्मान रिटर ह्याच्या हाताखाली होल्झाउगे नावाचं केंद्र चालू होतं. मग जर्मनांनी गस्तीच्या एस्किमोनेस ठाण्यावर हल्ला केला, एली क्नुडसेन हा गस्तीतला माणूस मारला गेला, येन्सन पकडला गेला. पण रिटर हा काही चित्रपटातला खलनायक नव्हता, तो युद्धाआधी स्वतः स्वालबार्डवर शिकारी म्हणून हिवाळे काढलेला माणूस, ह्या शिकाऱ्यांसारखाच. त्याच्या हुकमाखाली एक शिकारी मेला हे त्याला पेलवलं नाही. पुढे रिटर आणि येन्सन असे दोघंच प्रवासात असताना येन्सनने त्याची बंदूक ताब्यात घेतली आणि कैद्यानेच आपल्याला पकडणाऱ्या अधिकाऱ्याला कैदी करून स्लेजवरून शेकडो किलोमीटर खाली स्कोर्सबीसुंद ह्या वस्तीला आणलं. मे महिन्यात अमेरिकन विमानांनी साबिने बेटावरच्या केंद्रावर बॉम्ब टाकले.

ह्या दोघांचा प्रवास विचारात घ्या. रात्री एकाच तंबूत झोपायचं, एकाच स्टोव्हवर खायचं, आणि एकाच्या हातात बंदूक. झोप कोण घेणार? इथे मराठीत लिहिणाऱ्याला एक फायदा आहे जो इंग्रजीत लिहिणाऱ्याला नाही. आपल्याकडे "तुम्ही" आणि "तू" आहे. बंदूक हात बदलते त्या पानावर "तुम्ही"चं "तू" कधी होतं, की होतच नाही आणि कैद्यालाही तो "तुम्ही चहा घ्या"च म्हणतो, एवढ्यावर सगळा सीन तोलता येतो. सलगी, अपमान, दया, सगळं त्या एका सर्वनामात बसतं. माझ्या मते कैद्याला "तुम्ही" म्हणणारा माणूस जास्त थरारक असतो.

पायरी ५: रेडिओ, म्हणजे कथेचा कणा

इथे थांबून नीट वाचा, कारण मला ह्या लेखात सांगायचंय ते मुख्यतः हेच. आर्क्टिकमधल्या हेराचं काम गुपित मिळवणं नाहीच. हवामान सगळ्यांना दिसतं, जहाज सगळ्यांना दिसतं. काम आहे ते पाठवणं. आणि पाठवायला रेडिओ चालू केला की शत्रूची दिशाशोधक यंत्रं तुमची जागा शोधायला लागतात. बोललात तर सापडलात, गप्प बसलात तर तिथे असून नसल्यासारखे. प्रत्येक दिवशी, दिवसातून ठरलेल्या वेळी, हाच जुगार. एकदा हा कणा धरला की पाठलाग, गोळीबार वगैरे उसनं आणावं लागत नाही.

खरी माणसं बघा. आल्टाजवळच्या कोफ्योर्डमध्ये टिर्पिट्झ ही जर्मन युद्धनौका उभी असायची, तिच्या नुसत्या असण्याने मुर्मान्स्कला जाणारे दोस्तांचे ताफे धास्तावलेले असत. तोरस्टाइन रोबी हा नॉर्वेजियन तरुण १९४३ च्या शेवटापासून १९४४ च्या मे महिन्यापर्यंत आल्टात नोकरी करत राहिला आणि गुपचूप लंडनला टिर्पिट्झची खबर आणि हवामान कळवत राहिला. हवामान का, तर बॉम्बफेकी विमानांना ढग किती ते कळायला हवं. (हाच रोबी पुढे १९४७ मध्ये कोन-टिकी तराफ्यावर रेडिओ सांभाळायला गेला, पण तो वेगळा विषय.)

फिनमार्कच्याच व्हारांगर किनाऱ्यावर किबर्गची कोळी मंडळी सोव्हिएत बाजूने काम करत होती. पाणबुडीने नाहीतर बोटीने येऊन किनाऱ्यावर उतरायचं, कड्यातल्या गुहेत नाहीतर दगडांच्या आडोशाला महिनोन् महिने राहायचं आणि खालून जाणारी जर्मन जहाजं मोजून रेडिओवर सांगायची. धूर दिसेल म्हणून चूल पेटवायला धजायचं नाही. १९४३ च्या उन्हाळ्यात जर्मनांनी त्यांच्यातल्या अनेकांना शोधून मारलं.

तांत्रिक गोष्टी थोड्या लक्षात ठेवा. थंडीत बॅटरीची ताकद उतरते, म्हणून ती उबेत ठेवावी लागते. ध्रुवीय प्रकाश, ऑरोरा, दिसायला सुंदर पण तो जोरात असला की शॉर्टवेव्ह रेडिओ कोलमडतो, तासन् तास काही जात नाही काही येत नाही. म्हणजे ज्या रात्री आभाळ हिरवं होतं त्या रात्री तुमचा हेर मुका होतो. नवे लेखक ऑरोरा प्रेमप्रसंगासाठी वापरतात, मी सांगेन की निरोप अडवायला वापरा.

आणि शांततासुद्धा खबर असते. जुलै १९४२ चा पीक्यू १७ हा रशियाला माल नेणारा दोस्तांचा ताफा घ्या. लंडनमध्ये गुप्तवार्ता बघणाऱ्या नॉर्मन डेनिंगचं मत होतं की टिर्पिट्झ बंदरातच आहे, कारण ती बाहेर पडली असती तर जे रेडिओ संदेश ऐकू आले असते ते आलेच नव्हते. पण "आले नाहीत" हा पुरावा नौदलप्रमुख डडली पाउंड ह्यांना पुरेना, त्यांना खात्री हवी होती. ४ जुलैला त्यांनी ताफ्याला विखुरण्याचा हुकूम दिला. टिर्पिट्झ तेव्हा निघालीच नव्हती. विखुरलेली मालवाहू जहाजं विमानांनी आणि पाणबुड्यांनी एकेक करून टिपली, ३५ पैकी २४ बुडाली. खबर बरोबर असून माणसं गेली. तुमच्या नायकाची खबर बरोबर असावी आणि तरी कुणी ऐकू नये, हा शेवट मला कुठल्याही स्फोटापेक्षा जड वाटतो.

पायरी ६: थंडी अंगावर घ्या

निफाडला पारा पाच-सहावर आला की आपल्याकडे पेपरात बातमी होते, त्यामुळे उणे पंचवीस हा आपल्यासाठी नुसता आकडा असतो. मी त्यावर एक उपाय केला. रत्नागिरीत ओळखीच्या एका मच्छी व्यापाऱ्याला विनंती करून कोल्ड स्टोरेजमध्ये, उणे १८ मध्ये, दहा मिनिटं वही घेऊन उभी राहिले. तिसऱ्या मिनिटाला नाकातले केस कडक झाल्याचं कळलं. पाचव्या मिनिटाला बॉलपेन उमटेना, शाई घट्ट. हातमोजा काढून पेन बोटांत चोळलं, पुन्हा दोन अक्षरं आली, पुन्हा बंद, आणि तेवढ्यात बोटं अशी झाली की पेन धरलंय की नाही हे बघून कळत होतं, जाणवत नव्हतं. कपड्यांवर मासळीचा वास होता पण आत वास येतच नव्हता, बाहेर आल्यावर एकदम आला. तेव्हापासून माझी हवामान टिपणारी पात्रं पेन्सिलने लिहितात आणि थंडीत त्यांना वास येत नाही, उबेत शिरल्यावर येतो.

असं काहीतरी स्वतः करून बघा, पण एकटे जाऊ नका आणि दार आतून उघडतंय ना ते आधी तपासा.

बाकी नेहमीच्या गोष्टी: बंदुकीतलं तेल घट्ट होऊन चाप अडकतो, उघडी त्वचा धातूला चिकटते, घाम सगळ्यात वाईट कारण थांबलं की तोच गोठतो. म्हणून तिथे पळणारा माणूस मरतो आणि हळू चालणारा जगतो. पाठलागाचा सीन ह्या नियमाने लिहून बघा, दोघंही हळू चालताहेत, घाम येऊ द्यायचा नाही म्हणून, आणि अंतर तेवढंच राहतंय.

खाण्याकडेही लक्ष द्या. रशियाच्या उत्तरेकडच्या फ्रान्झ योझेफ लँड ह्या बेटांवरच्या शाट्झग्रेबर ह्या जर्मन केंद्रातली माणसं १९४४ मध्ये अस्वलाचं नीट न शिजलेलं मांस खाऊन ट्रिकिनोसिसने, म्हणजे मांसातल्या जंतांच्या रोगाने, आजारी पडली, उन्हाळ्यात विमान पाठवून त्यांना काढावं लागलं. युद्धातल्या एका गुप्त तळाचा शेवट शत्रूने नाही, जेवणाने केला.

पायरी ७: एक सीन लिहून बघा, लहानसा

कादंबरीची रूपरेषा करायच्या आधी एक पान लिहा. जागा एक, माणसं दोन, रेडिओ एक. मी शिकवायला घेते तेव्हा हा नमुना वाचून दाखवते, व्हारांगरच्या गुहेतला, दोघं भाऊ, माझ्या कल्पनेतले:

धाकट्याने दुर्बिणीला तोंडाची वाफ लागू नये म्हणून श्वास रोखला. "सात," तो म्हणाला. "आठवं धुक्यात असावं."
थोरल्याने बॅटरी कोटाच्या आतून काढली, पोटाशी धरून ठेवली होती ती. "असावं की आहे?"
"आवाज येतोय."
"दिसतंय का?"
धाकटा गप्प. खाली लाट दगडावर आपटली आणि परत गेली.
"सात सांगतो," थोरला म्हणाला आणि त्याने हातमोजा दातांनी ओढून काढला.

एवढंच. कुणी बंदूक काढली नाही, पण धुक्यातल्या त्या आठव्या जहाजाचं काय झालं हे वाचकाला आता कळायलाच हवं. इथे मी त्यांना "दादा" म्हणायला लावलं नाही, कारण दादा म्हटलं की गुहा कोकणात येते. आणि उलट टोकाला जाऊन तोंडी इंग्रजी सिनेमातले डायलॉगही घालू नका, साधं बोलू द्या.

शब्दांचं थोडक्यात: फ्योर्ड, स्लेज, कामिक हे तसेच ठेवा, पहिल्यांदा येतील तिथे वाक्यातूनच अर्थ कळू द्या. हिमगाडी वगैरे नको.

पायरी ८: खऱ्या माणसांना हात लावताना

घटना खऱ्या, जागा खऱ्या, पात्रं तुमची, असं ठेवा. रिटर, येन्सन, रोबी ही माणसं होती, त्यांच्या घरची मंडळी आहेत, त्यांच्या तोंडी आपण रचलेली वाक्यं घालू नयेत असं मला मनापासून वाटतं. त्यांच्यासारखा माणूस घडवा आणि नाव बदला. इनुइट आणि फिनमार्कचे मूळ रहिवासी सामी ह्यांना नुसते वाटाडे करू नका, ग्रीनलंडमध्ये शत्रूचे माग सापडले तेव्हा तिघांपैकी दोघे इनुइटच होते.

पायरी ९: शेवट कुठे करायचा

जर्मनी शरण आली ८ मे १९४५ ला. बरेच जण तिथे कादंबरी संपवतात. पण आर्क्टिकमध्ये ती तारीख लागू नव्हती. नोर्डाउस्टलांडेटवर, स्वालबार्डच्या ईशान्य टोकाला, विल्हेल्म डेगे ह्या भूगोलतज्ज्ञाच्या हाताखाली हाउडेगेन नावाचं अकरा जणांचं केंद्र सप्टेंबर १९४४ पासून होतं. युद्ध संपल्याचं त्यांनी रेडिओवर ऐकलं. मग त्यांनी हवामानाचे तेच रिपोर्ट उघड भाषेत, कुठलंही सांकेतिक कुलूप न लावता, पाठवायला सुरुवात केली, कुणीतरी येईल म्हणून. मे गेला, जून गेला, जुलै, ऑगस्ट गेला. ४ सप्टेंबर १९४५ ला सील पकडणारी एक नॉर्वेजियन बोट आली आणि तिच्या कप्तानापुढे ते अकरा जण शरण गेले. युद्धभर जे गुपित ठेवलं ते चार महिने ओरडून सांगितलं आणि तरी कुणी आलं नाही. ह्या चार महिन्यांवर मला अजून कुणी मराठीत लिहिलेलं दिसलं नाही, लिहा कुणीतरी.

किबर्गच्या कोळ्यांचं तर आणखी लांबलं. ज्यांनी गुहांत राहून जहाजं मोजली त्यांच्याकडे शीतयुद्धात त्यांच्याच देशाने संशयाने बघितलं, रशियनांसाठी काम केलं म्हणून त्यांच्यावर पाळत राहिली. गाव लहान, सगळे सगळ्यांना ओळखणारे, आणि कोण कुणावर नजर ठेवतोय तेही माहीत. १९९२ साली राजा हाराल्ड किबर्गला आले आणि झाल्या प्रकाराबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला. तोपर्यंत गुहेत राहिलेली बहुतेक माणसं गेलेली होती. तुमची कादंबरी फिनमार्कची असेल तर शेवटचं प्रकरण तिथे न्या, एखादी म्हातारी बहीण गर्दीत मागे उभी करा, आणि ती राजाकडे बघतेय की समुद्राकडे ते तुम्ही ठरवा.